मोबाइल वाजायच्या आधी रेडिओ का टरटरतो, आणि रोजची खरखर कुठून येते

प्रश्न असा आहे. मोबाइलची रिंग वाजायच्या दोन-तीन सेकंद आधी रेडिओतून ‘टिक्-टिरिक्-टिरिक्-टर्रर्र’ असा आवाज येतो. संध्याकाळी दिवे लागले की मीडियम वेव्हवर खरखर सुरू होते ती निजानीज होईपर्यंत जात नाही. शिवाय डिशवरचे ठरावीक तीन-चार चॅनेल पाऊस नसतानाही अडकतात, चित्राचे चौकोन होतात. हे सगळं मोबाइलमुळेच होतं का, आणि मोबाइल या वस्तूंपासून लांब ठेवला की पुरे का?

पहिल्या आवाजाला मोबाइल जबाबदार आहे. दुसऱ्याला बहुतेक करून एखादा दिवा किंवा चार्जर, आणि तिसऱ्याला केबलच्या टोकाची पिन. तिन्ही तक्रारी एकदम आल्या की माणूस सगळ्याचं खापर मोबाइलवर फोडतो, कारण तो समोर दिसतो. बरीच वर्षं सेट उघडून बसलेल्या माणसाचं सांगणं एवढंच की फिल्टर, बूस्टर, नवा अँटेना असलं काही आणायच्या आधी आवाज नीट ऐका. कोणत्या वस्तूचा आवाज आहे हे तो आवाजच बऱ्यापैकी सांगतो.

आधी मोबाइलचं. ती टरटर जुन्या टूजीची, म्हणजे जीएसएमची आहे. त्या पद्धतीत एका चॅनेलवर आठ फोन असतात, एका नळावर आठ बिऱ्हाडं असावीत तसे. प्रत्येकाची पाळी 577 मायक्रोसेकंदांची आणि सगळ्यांची फेरी 4.615 मिलिसेकंदांत पूर्ण होते. म्हणजे तुमच्या फोनचा ट्रान्समीटर सेकंदाला साधारण 217 वेळा चालू-बंद होतो. हार्मोनियमच्या खालच्या सप्तकातली पांढरी सहा दाबा. तिच्या किंचित खाली जो सूर असेल तो हाच. बोलणं सुरू झालं की तो सलग लागतो. त्याआधी टॉवर आणि फोन यांची नुसती विचारपूस चालू असते, तेव्हा फोन थोडं-थोडं, तुटक प्रक्षेपण करतो, म्हणून ‘टिरिक्-टिरिक्’. रिंग त्या विचारपुशीनंतर वाजते, त्यामुळे रेडिओला फोन आल्याचं तुमच्या आधी कळतं. फोन नुसता पडून असतानाही मधूनच टरटरला तर घाबरू नका, तो टॉवरला आपला पत्ता कळवत असतो.

आता टूजीचा फोन बोलतो 900 मेगाहर्ट्झच्या आसपास (किंवा 1800 ला), रेडिओ तर तिथे लावलेलाच नसतो, मग त्याला हे ऐकू कसं येतं? कारण ते बहुतेकदा अँटेनातून येतच नाही. 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 33 सेंटिमीटर, तिचा चतुर्थांश 8 सेंटिमीटर. सेट उघडून पाहा: बोर्डापासून स्पीकरपर्यंत किंवा व्हॉल्यूमच्या खुंटीपर्यंत गेलेली वायर जवळपास तेवढीच असते. ती आयती एरियल होते. तिथून ती लहर अँप्लिफायरच्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचते, आणि ट्रान्झिस्टरच्या आत एक जंक्शन असतं, ते डायोडसारखं, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखं, वागतं. डायोडने लहर सोलून काढली की मागे उरते फक्त तिची चालू-बंद, म्हणजे 217 हर्ट्झ. ती कानाच्या टप्प्यात आहे, अँप्लिफायर ती इमानेइतबारे मोठी करून स्पीकरला देतो. यात सेटचा बिघाड काही नाही.

याची खात्री करायची सोपी युक्ती आहे. टरटर चालू असताना व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. आवाज तसाच राहिला तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे, अँप्लिफायरमध्ये घुसतोय. व्हॉल्यूमबरोबर तोही गेला तर तो आधीच्या भागातून, म्हणजे ट्यूनर, अँटेना किंवा बाहेरून जोडलेल्या ऑडिओच्या वायरीतून येतोय. कॉम्प्युटरच्या स्पीकरवर बहुतेकदा पहिला प्रकार सापडतो.

यावर उपाय अंतराचा. अंतर दुप्पट केलं की क्षेत्राची ताकद निम्मी होते; पण डायोडसारखं जंक्शन ताकदीच्या वर्गाच्या हिशेबाने वागतं, म्हणून ऐकू येणारी टरटर चौथाई होते. एका फुटावरचा फोन चार फुटांवर नेला तर सोळावा हिस्सा. एवढ्यावर बहुतेक घरांत विषय संपतो. दुसरं, फोनला रेंज चांगली असेल तर तो आपण होऊन ताकद कमी करतो. टूजीत 900 मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त 2 वॅट, आणि टॉवर जवळ असला तर काही मिलिवॅटच. त्यामुळे आतल्या खोलीत टरटरणारा तोच फोन खिडकीत ठेवला की गप्प बसतो. थ्रीजीमध्ये फोन पाळीपाळीने चालू-बंद न होता सलग बोलतो, म्हणून तिथे ही टरटर नसते. फोरजीवरही फार कमी. नवा फोन घेतल्यावर आवाज गेला असेल तर कारण हे, रेडिओ आपोआप सुधारलेला नाही.

हातात सोल्डरिंग गन धरणाऱ्यांसाठी: अँप्लिफायरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरवर 33 पिकोफॅरडचा कपॅसिटर 900 मेगाहर्ट्झला, आणि 10 पिकोफॅरडचा 1800 ला चांगला शॉर्ट करतो, कारण इतक्या लहान कपॅसिटरचा स्वतःचा अनुनाद साधारण त्याच पट्ट्यात येतो. पण तो लांब पायांचा लावलात तर काडीचा उपयोग नाही, बोर्डाला चिकटूनच हवा.

आता संध्याकाळची खरखर. याबाबत जास्त सांगावं लागेल, कारण घरोघरी रेडिओ बंद पडला तो याच्यामुळे. लोकांना वाटतं स्टेशनच कमजोर झालं.

मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हवर आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो, म्हणजे एएम. विजेच्या ठिणग्या, स्विचचा कडाका, चार्जरचा गोंधळ, सगळं उंचीतच येऊन मिसळतं आणि सेटला त्यातलं गाणं कुठलं आणि कचरा कुठला ते कळत नाही. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने 1933 साली एफएमची पेटंटं घेतली त्यामागे हीच कटकट होती: आवाज वारंवारतेत भरायचा आणि उंचीतला चढउतार छाटून टाकायचा. म्हणून एफएम लावलं की बहुतेक खरखर गायब होते आणि मीडियम वेव्हला परत आलात की पुन्हा हजर.

पूर्वी खरखरीचे स्रोत मोजके होते. मिक्सर किंवा ड्रिलच्या ब्रशमधल्या ठिणग्या, ट्यूबलाइटचा स्टार्टर, फ्रिजच्या थर्मोस्टॅटचा ‘कट्’. जुन्या टीव्हीवर मिक्सर लावला की आडव्या रेघा आणि मुंग्या दिसायच्या, बंद केला की चित्र स्वच्छ. आज घरातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूत स्विचिंग पॉवर सप्लाय असतो: मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा अॅडाप्टर, सेट टॉप बॉक्स, राउटर, एलईडी दिवा. हा सप्लाय मेनचं डीसी करतो आणि ते सेकंदाला काही दशहजार वेळा कापतो. कापाकापीला टोकदार कडा असतात, आणि टोकदार कडेतून हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा लहरी, निघतात. 65 किलोहर्ट्झवर कापणारा चार्जर धरा. त्याचा नववा हार्मोनिक 585 वर, दहावा 650 वर, अकरावा 715 वर. म्हणजे मीडियम वेव्हच्या अख्ख्या डायलवर दर 65 किलोहर्ट्झला एक घरघरणारा उंचवटा.

आता हेच उलटं वापरा. आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ घ्या, खरखरीचे दोन लागोपाठ उंचवटे कुठे आहेत ते लिहून ठेवा, वजाबाकी करा. फरक आला तो त्या वस्तूच्या स्विचिंगचा. 60-70 आला तर बहुधा चार्जर किंवा अॅडाप्टर. उंचवटे जागेवर न राहता हळूहळू सरकत असतील तर सप्लाय गरम होतोय किंवा त्याच्यावरचा भार बदलतोय. उंचवटे नसून सगळ्या डायलवर सारखीच ‘घर्रर्र’ असेल आणि तिचा सूर मघाच्या मोबाइलच्या सुरापेक्षा सप्तकभर खाली असेल, तर तो 100 हर्ट्झचा, म्हणजे मेनच्या प्रत्येक अर्ध्या लाटेला एकदा. हा डिमरचा किंवा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. खात्री करायची तर बटण फिरवा, आवाजाचा पोत बदलतो. ज्या देशात मेन 60 हर्ट्झचं आहे तिथे तोच 120 होतो.

शोधायची पद्धत मात्र एकच आणि ती फुकट आहे. बॅटरीवर चालणारा रेडिओ खरखर येते त्या जागी ठेवा, आणि घराचा मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर तोही बंद करा, नाहीतर खरखर चालूच राहील आणि तुम्ही विनाकारण शेजाऱ्यावर संशय घ्याल. खरं तर यूपीएस स्वतःच मोठा आवाज करणारा असतो. आवाज गेला तर दोषी घरात आहे. मग सगळे एमसीबी, म्हणजे खोलीखोलीचे छोटे स्विच, पाडून मेन लावा, एकेक एमसीबी वर करत जा आणि कान द्या. एक खोली सापडली की त्या खोलीतली वस्तू प्लगमधून काढून पाहा, नुसतं बटण बंद करू नका.

‘नुसतं बटण’ का नाही, ते एका घरात मला चांगलंच कळलं. एका गृहस्थांनी खरखरीपायी दोन रेडिओ बदलले होते. आवाज रोज दिवेलागणीला सुरू व्हायचा. बैठकीचा एमसीबी पाडला की शांतता. वर केला की खरखर. मग त्या खोलीतले दिवे, पंखा, टीव्ही, सगळं एकामागून एक बंद केलं. भिंतीवर एकही बटण चालू नव्हतं, तरी रेडिओ खरखरतच होता. मी रेडिओ कानाशी धरून भिंतीलगत फिरलो. आवाज एका कोपऱ्यात वाढला, दाराच्या चौकटीपाशी आणखी वाढला. दार उघडलं तर बाहेर जिन्यात एक एलईडी दिवा जळत होता. अंधार पडला की आपोआप लागणारा. त्याची वायर बटणाच्या आधीच काढलेली. फडक्याने धरून दिवा अर्धा पेरभर फिरवला आणि खरखरीच्या खालून, पाण्यातून कोणी डोकं वर काढावं तसा निवेदकाचा आवाज आला. दिवा बाहेर होता, पण त्याची वायर रेडिओच्या टेबलामागच्या भिंतीतून गेलेली. खरखर पसरवायचं काम ती वायर करत होती.

तो दिवा मी नंतर फोडला. मेनमधून आत येणाऱ्या वाटेवर, कचरा बाहेर पडू नये म्हणून, एक कपॅसिटर आणि दोन वेटोळी गुंडाळलेली एक छोटी रिंग, म्हणजे कॉमन मोड चोक, असायला हवी. बोर्डावर दोन्हींची जागा छापलेली होती. कपॅसिटरची जागा मोकळी, आणि चोकच्या जागी सरळ तारेचे दोन तुकडे. दिवा त्यांच्याशिवायही पेटतो, म्हणून ते गाळले जातात. चार्जरचंही तेच. (कुतूहल म्हणून चार्जर उघडायचा असेल तर जरा थांबा. 230 व्होल्टवर चालणाऱ्या चार्जरच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 320 च्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात.)

वर्षानुवर्षं शांत असलेला दिवा किंवा अॅडाप्टर अचानक खरखरायला लागला तर समजा त्याचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकत आलेत. तो काही दिवसांचा सोबती आहे.

रेडिओ हातात धरून शोधताना आणखी एक. मीडियम वेव्हचा अँटेना सेटच्या आत असतो, फेराइट नावाच्या काळ्या, चुंबकीय पदार्थाची आडवी कांडी. कांडीचं टोक स्रोताकडे वळलं की आवाज सगळ्यात कमी येतो. रेडिओ फिरवून असा मुका कोन शोधा, दोन जागांवरून शोधा, रेघा जिथे मिळतील तिथे स्रोत. मोकळ्यावर हे छान चालतं. घरात पूर्ण विश्वास ठेवू नका, कारण भिंतीतली सगळी वायरिंगच एरियल झालेली असते आणि मुका कोन भलतीकडे बोट दाखवतो. घरात ‘कुठे वाढतो’ हेच जास्त खरं. ऐकायचं स्टेशन तेवढं वाचवायचं असेल तर मात्र रेडिओ नव्वद अंश वळवून पाहणं हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

अशा शोधात मोठमोठे लोकही चकले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या रेडिओ दुर्बिणीला अनेक वर्षं काही विचित्र क्षणिक संकेत मिळत होते. त्यांना ‘पेरिटॉन’ असं नावही पडलं होतं. 2015 साली उलगडा झाला: तिथला मायक्रोवेव्ह ओव्हन. वेळ पूर्ण व्हायची वाट न पाहता कोणी मध्येच दार उघडलं की मॅग्नेट्रॉन, म्हणजे ओव्हनमध्ये लहरी तयार करणारी नळी, बंद होता होता एक झटका बाहेर सोडायचा. आणि वेल्समधल्या अबरहोसन गावात तब्बल 18 महिने रोज सकाळी सातला इंटरनेट कोलमडायचं. केबली बदलून झाल्या. शेवटी 2020 मध्ये तंत्रज्ञ स्पेक्ट्रम अॅनालायझर (कोणत्या वारंवारतेवर किती गोंगाट आहे ते दाखवणारं यंत्र) घेऊन भल्या पहाटे गावात हिंडले, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. सकाळी सातला तो लागायचा. म्हणजे टीव्हीलाच त्रास होतो असं नाही, टीव्हीही त्रास देतो.

डिशच्या चॅनेलकडे येतो. जुन्या अॅनालॉग टीव्हीवर उपद्रव दिसायचा: मुंग्या, रेघा, सावल्या. डिजिटलमध्ये थोड्याफार चुका बॉक्स स्वतः दुरुस्त करतो, त्यामुळे एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख दिसतं आणि मर्यादा ओलांडली की एकदम चौकोन, तुटका आवाज, शेवटी काळा पडदा. मधली पायरी नाही. म्हणून लोकांना वाटतं काल तर सगळं ठीक होतं. ठीक नव्हतं, काठावर होतं.

छत्रीवरचा एलएनबी, म्हणजे तिच्या तोंडासमोरचा छोटा डबा, उपग्रहाचा संकेत खाली आणून 950 ते 2150 मेगाहर्ट्झमध्ये केबलवर सोडतो. आणि याच पट्ट्यात 1805 ते 1880 मेगाहर्ट्झवर मोबाइलचे टॉवर बोलत असतात, 2110 च्या पुढेही बोलतात. केबल आणि जोड नीट असतील तर टॉवरचं बोलणं बाहेरच राहतं. जोड ढिला असेल तर आत शिरतं, आणि शिरतं ते फक्त त्याच वारंवारतेवर बसलेल्या चॅनेलांवर. म्हणूनच पावसाने सगळे चॅनेल जातात पण हा त्रास ठरावीक तीन-चार चॅनेलांनाच होतो. ही खूण लक्षात ठेवा.

तुमच्याकडे बॉक्सच्या मागची पिन हाताने फिरवून पाहा. निखळून हातात आली तर निम्मं निदान झालं. मी पाहिलेल्या अशा पिनांपैकी बऱ्याच ठिकाणी केबलची तांब्या-अॅल्युमिनियमची जाळी पिनेच्या आत घेतलेलीच नसते. सोलताना ब्लेडने ती कापून टाकलेली असते आणि पिन नुसत्या पातळ चंदेरी कागदावर टेकलेली असते. काही ठिकाणी जाळीची एकच केसाएवढी तार वळून मधल्या तांब्याच्या तारेला चिकटलेली असते, तेवढ्यानेही गोंधळ होतो. केबल ताजी कापा, जाळी मागे उलटी दुमडा, तिच्यावरून पिन घट्ट फिरवा, मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवा. छत्रीकडचं टोकही तसंच, आणि तिथे पाणी शिरलेलं नाही ना ते पाहा. गच्चीवरच्या साध्या अँटेनाला बूस्टर जोडलेला असेल तर जवळच्या टॉवरने तो बूस्टरच गुदमरतो. तिथे आणखी ताकदवान बूस्टर लावणं म्हणजे आगीत तेल. आधी बूस्टर काढून पाहायचा, आणि गरज असेल तर त्याच्या आधी मोबाइलचा पट्टा अडवणारा फिल्टर.

फेराइटबद्दल लोक नेहमी विचारतात. केबलवर चाप्यासारखी बसणारी काळी नळी असते ती याच फेराइटची. ती चालते, पण एका वेढ्याने मीडियम वेव्हवर फारसा फरक पडत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: तीन वेढ्यांना नऊपट, सहाला छत्तीसपट. मोठी रिंग घेऊन अॅडाप्टरची वायर तिच्यातून सहा-सात वेळा फिरवा, आणि रिंग खरखर करणाऱ्या वस्तूच्या जितकी जवळ जाईल तितकी न्या. अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळण्यात अर्थ नाही, कारण उपद्रव वायरीतून बाहेर पडतो आणि वायर फॉइलच्या बाहेरच असते. वेगळं अर्थिंग करून खरखर जाईल ही आशाही सोडा; दहा मीटर लांबीची अर्थिंगची तार या वारंवारतांना जमीन वाटत नाही, एरियल वाटते. सुरक्षेसाठी अर्थिंग हवंच, तो विषय निराळा. खरखरणारा दिवा किंवा चार्जर मी तरी बदलून टाकतो.

वायरलेस माउस अडखळत असेल आणि शेजारच्या खाचेत यूएसबी 3 ची हार्ड डिस्क असेल तर माउसचं रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशनवर लांब न्या. त्या डिस्कच्या वायरीतून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही कचरा निघतो, आणि माउस बोलतो तो याच पट्ट्यात.

मेन स्विच पाडूनही खरखर राहिली तर ती बाहेरून येतेय. शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन न जाता रेडिओ घेऊन जा, आणि त्याच्यासमोर एक दिवा बंद करून दाखवा. पटवून द्यावं लागत नाही. खांबाजवळ आवाज चढत असेल तर दिवसांचा हिशेब ठेवा. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत जोरात आणि पावसात बंद, तर बहुधा तारेवरचा एखादा ढिला जोड ठिणग्या टाकतोय. पावसाळी, दमट हवेत वाढत असेल तर इन्सुलेटरवर बसलेल्या धुळीचा संशय घ्यावा. वीज मंडळींना कळवताना खांबाचा नंबर, वेळ आणि हवा कशी होती ते द्या. खांबाला हात लावू नका, काठीने ठोकून पाहण्याचा उद्योग तर अजिबात नको, जिवावर बेतेल.

राहता राहिलं, रेडिओजवळ मोबाइल ठेवल्याने रेडिओ बिघडतो का. नाही. टरटर थांबली की सेट होता तसाच असतो.